करिअरसाठी नेटवर्किंग: कोणाला लिहायचे, काय विचारायचे आणि नंतर काय कळवायचे

ओळखीतून नोकरी लागते हे सगळ्यांना ठाऊक असते. कोणत्या ओळखीतून लागते, याचा अंदाज मात्र बहुतेकांचा चुकतो. गरज पडली की माणूस आधी जवळच्या मित्रांना विचारतो. तिथे काही हाती लागले नाही की थेट अनोळखी लोकांना बायोडेटा पाठवत सुटतो. या दोन टोकांच्या मध्ये कधीकाळी एकत्र काम केलेले, वर्षातून एखाद्या वेळी बोलणे होणारे, नुसती तोंडओळख असलेले असे बरेच लोक असतात. त्यांच्याकडे कोणी वळतच नाही, आणि सर्वाधिक उपयोग त्यांचाच होतो.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात याचे आकडे दिले आहेत. ओळखीच्या माणसाकडून कळून ज्यांनी नोकरी बदलली होती, त्यांना त्यांनी विचारले की त्या माणसाशी तुमची भेट कितीदा होत असे. आठवड्यातून दोनदा किंवा अधिक, असे सांगणारे १६.७ टक्के होते. वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी, असे सांगणारे २७.८ टक्के. उरलेले ५५.६ टक्के या दोन्हींच्या मधले. नमुना लहान होता, पण २०२२ साली लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्यांचा रोखही तोच निघाला: नोकरी बदलायला फार घट्ट किंवा अगदीच विरळ ओळखींपेक्षा मध्यम अंतरावरच्या ओळखी जास्त कामी येतात.

कारण साधे आहे. जवळच्या मित्रांचे जग तुमच्या जगासारखेच असते. त्यांना जी जागा रिकामी झाल्याचे कळते ती तुमच्याही कानावर आलेली असते. दूरचा माणूस वेगळ्या कंपनीत, वेगळ्या वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्याकडे तुम्हाला ठाऊक नसलेली माहिती असते. पूर्ण अनोळखी माणसाकडेही ती असते, पण तुमच्यासाठी चार शब्द टाकायला त्याच्याकडे काही आधार नसतो.

आधी यादी, मग संदेश

स्प्रेडशीट उघडा आणि सहा रकाने करा: नाव, ओळख कुठली, सध्या काय करतात, शेवटचे बोलणे कधी झाले, पुढचे पाऊल, त्याची तारीख. शेवटचे दोन रकाने रिकामे राहिले तर यादी नुसती पडून राहते. त्यामुळे प्रत्येक नावापुढे तारीख हवीच, मग ती चार महिन्यांनंतरची का असेना.

नावे आठवताना फक्त मित्र आणि सहकारी असा विचार केला तर पंधरावर गाडी अडते. जिथे जिथे काम केले त्या प्रत्येक ठिकाणचे चार लोक घ्या: तुमचे वरिष्ठ, तुमच्या हाताखाली काम केलेले, दुसऱ्या विभागातले ज्यांच्याशी रोज काम पडायचे ते, आणि तुमच्या आधी कंपनी सोडून गेलेले. मग ग्राहक, माल किंवा सेवा पुरवणारे, ऑडिटर, प्रशिक्षक, शिक्षक, वर्गातले पण मित्र नसलेले लोक. ज्यांनी तुमची मुलाखत घेतली आणि निवड केली नाही, तेही यादीत हवेत. शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचला असाल तर त्या लोकांनी तुम्हाला तासभर बारकाईने तपासलेले असते. दुसऱ्या जागेसाठी ते तुमचा विचार करू शकतात.

पुरवठादार आणि सल्लागारांची नावे विशेष जपा. एकाच वेळी दहा-बारा कंपन्यांत त्यांची ये-जा असते. कुठला विभाग वाढतो आहे, कुठे माणसे सोडून चालली आहेत, हे त्यांना जाहिरात निघण्याच्या कितीतरी आधी दिसते. ज्या गटांचा एकमेकांशी संबंध नाही त्यांना जोडणारा माणूस माहितीच्या बाबतीत वरचढ ठरतो, हा समाजशास्त्रज्ञ रोनाल्ड बर्ट यांच्या अभ्यासाचा गाभा आहे. असे पाच लोक ओळखीचे असले तरी पुष्कळ झाले.

पहिल्या बैठकीत ४० ते ६० नावे निघतात.

जुनी ओळख पुन्हा जोडताना

तीन-चार वर्षे बोलणे झाले नाही म्हणून संकोच वाटतो, आणि नेटवर्किंगचे सगळ्यात जास्त नुकसान हा संकोच करतो. लेव्हिन, वॉल्टर आणि मर्निगन या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यवस्थापकांना, बरीच वर्षे संपर्क नसलेल्या माणसांकडून चालू कामाबद्दल सल्ला घ्यायला सांगितले होते. तो सल्ला नेहमीच्या संपर्कातल्या लोकांच्या सल्ल्याइतकाच, बऱ्याचदा त्याहून अधिक उपयोगी ठरला. जुना विश्वास शाबूत असतो आणि मधल्या काळात तो माणूस नवे काहीतरी शिकलेला असतो.

पहिला संदेश असा असावा:

«अरे, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. काल बिलिंगचा रिपोर्ट बसवताना तू बनवलेली तपासणीची यादी आठवली, अजून तीच वापरतो. तू आता डेटा टीममध्ये आहेस असं दिसलं. कसं चाललंय तिकडे?»

यात तीन गोष्टी आहेत: दोघांनाच ठाऊक असलेली एक नेमकी आठवण, त्याच्या आजच्या कामाची दखल आणि सहज उत्तर देता येईल असा प्रश्न. मागणी कुठेही नाही. «हाय, कसा आहेस?» एवढेच लिहिले तर समोरचा मनात म्हणतो, आता काहीतरी मागणार, आणि उत्तर लांबवतो. इतके दिवस संपर्क ठेवला नाही याबद्दल चार ओळी माफी मागू नका. त्याला उत्तर काय द्यावे हेच कळत नाही. एक-दोनदा बोलणे झाले, त्याच्या कामाचे नीट समजून घेतले की मग विचारा.

नोकरी गेलेली असेल आणि वेळच नसेल तर आडपडदा न ठेवता पहिल्याच संदेशात सांगा: «गेल्या महिन्यात आमचा विभाग बंद झाला, नवीन काम शोधते आहे, तुझ्याकडून एका गोष्टीचा अंदाज हवा आहे.» अशा वेळी लोक समजून घेतात. आधी गोड बोलून तिसऱ्या दिवशी बायोडेटा पाठवलेला मात्र त्यांना खटकतो.

अनोळखी माणसाला लिहिण्याआधी

तुमचा संदेश मिळाला की समोरचा पहिल्यांदा तुमची प्रोफाइल उघडतो. म्हणून आधी ती नीट करा. लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीला २२० अक्षरांची जागा असते. तिथे नुसते पद लिहिण्यापेक्षा काम लिहा: काय करता, कोणासाठी, कशाच्या साहाय्याने. «सिनिअर एक्झिक्युटिव्ह» यातून काहीच कळत नाही. «औषध कंपन्यांसाठी शीतसाखळी वाहतुकीचे नियोजन» असे लिहिले की त्याच क्षेत्रातला माणूस थांबून वाचतो. स्वतःविषयीच्या भागात २,६०० अक्षरे मावतात, पण पूर्ण मजकूर उघडण्याआधी फक्त पहिल्या काही ओळी दिसतात. सर्वात वजनदार वाक्य तिथेच हवे.

कनेक्शनच्या विनंतीसोबत टिपण जोडा. मोफत खात्यावर ते २०० अक्षरांचे असते आणि महिन्याला मोजक्याच विनंत्यांना जोडता येते, त्यामुळे ते खऱ्या गरजेच्या लोकांसाठी राखून ठेवा. देवनागरीत लिहिताना काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजले जाते. ‘क्ष’ हे एकच अक्षर तीन जागा खाते. म्हणून वाक्ये आटोपशीर ठेवा:

«नमस्कार. गोदामातील साठ्याच्या अंदाजाबद्दलचे तुमचे लेखन वाचले. मी हेच काम लहान कंपनीत करते. तुमचे पुढचे लिखाण वाचता यावे म्हणून विनंती पाठवत आहे.»

हे दीडशेच्या आत बसते. विनंती मान्य झाली की त्याच दिवशी मागणी पुढे करू नका. आठवडाभर त्यांचे लिखाण वाचा, काही सांगण्यासारखे असेल तर प्रतिक्रिया द्या, आणि मग वेळ मागा:

«मॅडम, साठ्याचा अंदाज हाताने काढण्यापासून सॉफ्टवेअरकडे जाताना तुमच्या टीमने पहिले सहा महिने दोन्ही पद्धती समांतर चालवल्या, असे तुम्ही लिहिले होते. आम्ही आता त्याच टप्प्यावर आहोत. याबद्दल दोन प्रश्न विचारायचे आहेत. पुढच्या दोन आठवड्यांत फोनवर २० मिनिटे मिळू शकतील का? वेळ नसेल तर प्रश्न लिहून पाठवते, सवडीने उत्तर दिलेत तरी चालेल.»

विषय, मिनिटे आणि नकाराची सोय या तिन्ही गोष्टी आल्या पाहिजेत. «तुमचे मार्गदर्शन हवे होते» हे वाक्य नम्र वाटते, पण त्यातून नेमके काय आणि किती वेळ द्यायचा हे कळत नाही. ज्याचा अंदाज येत नाही ते काम माणूस पुढे ढकलतो. उत्तर आले नाही तर ७ ते १० दिवसांनी एकदाच आठवण करून द्या, शक्यतो नव्या माहितीसह. त्यानंतर विषय सोडून द्या. मोठ्या पदावरच्या व्यक्तीपेक्षा तुमच्याहून दोन-तीन वर्षे पुढे असलेल्या माणसाला लिहिले तर उत्तर मिळण्याची शक्यता अधिक, आणि त्याचा सल्लाही ताजा असतो. तुम्हाला जी मुलाखत द्यायची आहे ती त्याने नुकतीच दिलेली असते.

मिळालेली २० मिनिटे

बोलण्याआधी त्या व्यक्तीचे जाहीर लेखन किंवा भाषण वाचून-ऐकून घ्या आणि जे तिथे आधीच सांगितलेले आहे ते पुन्हा विचारू नका. पाच प्रश्न लिहून ठेवा, त्यातले तीनच होतील. स्वतःबद्दल दोन मिनिटांत बोला. काय करता, कुठे जायचे आहे आणि कुठे अडले आहे, एवढे पुरे.

कोणते प्रश्न चालतात? ज्याचे उत्तर फक्त आतल्या माणसाकडे असते ते. या पदावर नवीन आलेली माणसे पहिल्या सहा महिन्यांत कुठे अडखळतात? तुमच्यासमोर ५० अर्ज आले तर पहिल्या नजरेत कोणते बाजूला पडतात? माझ्या आजच्या कामातला कोणता भाग तुमच्याकडे उपयोगी ठरेल आणि कोणता मला नव्याने शिकावा लागेल? तुमच्या क्षेत्रात या पदाला साधारण पगाराचा पट्टा काय असतो? समोरच्याचा स्वतःचा पगार विचारू नका. कंपनीच्या आतल्या, बाहेर न आलेल्या गोष्टी काढून घेण्याचा प्रयत्न तर मुळीच नको. तशा प्रश्नाने माणूस सावध होतो आणि पुढचे सगळे बोलणे गुळमुळीत होते.

१७ मिनिटे झाली की स्वतःहून सांगा की वेळ संपत आली आहे. समोरचा म्हणाला, बोला अजून, तर बोला. शेवटचा प्रश्न ठरलेला असावा: «या विषयावर आणखी कोणाशी बोलावं, असं तुम्हाला वाटतं?» साखळी यातूनच वाढते. एका बोलण्यातून एक नवे नाव निघाले तरी तीन महिन्यांत डझनभर लोक होतात, आणि ती नावे तुम्ही स्वतः शोधून सापडली नसती.

नोकरी मागू नका. सल्ला घ्यायला म्हणून आलात आणि बोलता बोलता नोकरीवर घसरलात तर समोरच्याला फसवल्यासारखे वाटते. त्यांनीच बायोडेटा मागितला तर तासाभरात पाठवता येईल, इतका तो तयार ठेवा.

ओळख करून देण्याची विनंती

ज्याच्याकडे मागायचे त्याला काम पडू नये, हे इथले मुख्य सूत्र. «तुझ्या सरांशी माझी ओळख करून दे ना» म्हटले की तुमच्याबद्दल काय लिहायचे हे त्याने ठरवायचे. त्याऐवजी जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा मजकूर द्या: तुम्ही कोण, त्या व्यक्तीशीच का बोलायचे आहे, किती वेळ हवा. पाच-सहा ओळी पुरतात. सोबत लिहा: «त्यांना आधी विचार, ते हो म्हणाले तरच नंबर दे. नाही म्हणाले तरी काही हरकत नाही.» न विचारता दोघांना एकाच ग्रुपमध्ये किंवा मेलमध्ये जोडले की तिसऱ्या माणसाची पंचाईत होते, आणि तो राग तुमच्या मित्रावर निघतो.

ओळख झाली की पहिले उत्तर तुमचेच, त्याच दिवशी.

रेफरलची, म्हणजे कंपनीतल्या कर्मचाऱ्याने तुमचे नाव सुचवण्याची, गोष्ट थोडी वेगळी आहे. रेफरलमुळे तुमचा अर्ज ढिगातून वर येतो, एखादा माणूस तो उघडून वाचतो. निवड त्याने होत नाही, आणि वशिल्याची अपेक्षा ठेवून गेलात तर रेफरल देणाराही अडचणीत येतो. अर्ज करण्याआधी विचारा. बऱ्याच कंपन्यांच्या यंत्रणेत तुम्ही थेट अर्ज भरला की काही काळ कर्मचाऱ्याला तुमचे नाव सुचवता येत नाही. विनंतीसोबत पदाचा क्रमांक किंवा दुवा, पीडीएफमधला बायोडेटा (फाइलला स्वतःचे नाव आणि पद द्या, «फायनल_२» नको) आणि तुम्ही त्या पदाला का योग्य आहात याच्या तीन ओळी पाठवा. ज्याने तुमचे काम पाहिले आहे त्याच्याकडे मागणे सर्वात चांगले. ज्याने पाहिले नाही त्याला तसे स्पष्ट म्हणा: «आपण एकत्र काम केलेलं नाही हे मला माहीत आहे, त्यामुळे फक्त अर्ज पुढे पाठवलास तरी पुरे.»

नंतर कळवणे

सगळ्यात जास्त लोक इथे गळतात. मदत घेतली, काम झाले किंवा फसले, आणि मग शांतता. गरज सरो वैद्य मरो, असे कोणी मुद्दाम करत नाही. बहुतेकांना वाटते की निकाल लागल्याशिवाय काय सांगायचे, आणि निकाल वाईट लागला की सांगायची लाज वाटते. पण सल्ला देणाऱ्याला आपल्या बोलण्याचे पुढे काय झाले हे सहसा कधीच कळत नाही. जो कळवतो तो लक्षात राहतो.

तीन वेळा कळवा. बोलणे झाल्यावर २४ तासांच्या आत आभार माना, त्यात त्यांची एक नेमकी सूचना आणि तुम्ही ती कशी वापरणार ते लिहा. तीन-चार आठवड्यांनी त्या सूचनेचे काय झाले ते:

«सर, तुम्ही म्हणाला होता की बायोडेटात जबाबदाऱ्यांऐवजी निकाल लिही. पहिल्या पानावरचे सगळे मुद्दे तसे बदलले. त्यानंतर पाठवलेल्या सहा अर्जांपैकी दोन ठिकाणी मुलाखतीला बोलावले. एका ठिकाणी निवड झाली नाही, दुसरीकडची पुढची फेरी बुधवारी आहे. उत्तर द्यायची गरज नाही, तुम्हाला कळावे म्हणून लिहिले.»

आणि शेवटी, प्रकरण मिटल्यावर, जो निकाल लागेल तो. नकार आला तरी. नकार कळवणाऱ्या संदेशावर बऱ्याचदा पुढची दिशा मिळते, कारण तुमची नेमकी अडचण आता त्यांना कळलेली असते. सूचना पटली नाही, वापरली नाही, तर तेही सांगता येते: हा मार्ग का घेतला नाही, त्याऐवजी काय केले. लोकांना प्रामाणिक उत्तर आवडते. «उत्तर द्यायची गरज नाही» ही ओळ जरूर घाला, समोरच्याच्या डोक्यावर ओझे राहत नाही.

परिषदा, मेळावे आणि स्वतःचे ऑफिस

कार्यक्रमाला जाण्याआधी वक्त्यांची आणि सहभागींची यादी पाहून तीन ते पाच नावे निवडा, त्याहून जास्त नाही. अर्धा तास लवकर पोहोचा. तेव्हा घोळके जमलेले नसतात आणि एकटा उभा असलेला माणूस बोलायला उत्सुक असतो. नोंदणीच्या टेबलावर स्वयंसेवक म्हणून काम मिळाले तर उत्तम, संकोची माणसाला बोलायला आयते निमित्त मिळते. लिंक्डइन ॲपमधला क्यूआर कोड दाखवून तिथल्या तिथे जोडून घ्या. त्याच रात्री यादीत लिहा की काय बोलणे झाले. दोन दिवस गेले की चेहरे आणि विषय यांची सरमिसळ होते. संदेशही ४८ तासांत जायला हवा. खिशात ३० व्हिजिटिंग कार्डे घेऊन परतलात आणि एकाशीही दहा मिनिटे नीट बोलणे झाले नाही, तर संध्याकाळ वाया गेली.

आणि स्वतःच्या कंपनीतले दुसरे विभाग! बाहेर धावणारे लोक नेमके हे विसरतात. अंतर्गत बढती आणि बदलीच्या जागा तिथेच आधी कळतात. दर महिन्याला एका वेगळ्या विभागातल्या माणसाशी त्याच्या कामाबद्दल बोला. काही वर्षांत तेच लोक इतर कंपन्यांत पसरतात.

किती लोक, किती वेळ

मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९० च्या दशकात मांडले की माणूस साधारण १५० स्थिर नाती सांभाळू शकतो, आणि पुढच्या अभ्यासांत त्यातही जवळिकीचे थर दिसले: ५, १५, ५०, १५०. पाच हजार कनेक्शन गोळा करून काही साधत नाही, ते यामुळेच. यादीतले १५ लोक निवडा, त्यांच्याशी दोन-तीन महिन्यांतून एकदा संपर्क ठेवा. पुढच्या ५० जणांशी वर्षातून दोनदा. बाकीच्यांना त्यांच्या आयुष्यात काही घडले तेव्हा: नवे पद, प्रसिद्ध झालेला लेख, कंपनीची बातमी.

आठवड्याला एक तास पुरतो, पण तो कॅलेंडरमध्ये पक्का हवा. त्या तासात दोन जुन्या लोकांना लिहा, एका नव्या माणसाला लिहा, आणि कोणाच्या तरी उपयोगी पडेल अशी एक गोष्ट करा. देण्यासारखे आपल्याकडे काय असणार, असे नवख्यांना वाटते. जाहिरातीचा दुवा, एखाद्या साधनाचा खरा अनुभव, त्यांच्या लेखातली सुधारणा, दोन लोकांची एकमेकांशी ओळख, यातले काहीही चालते. नोकरी पक्की असतानाच हे सुरू करा. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली तर पाणी लागायला चार-सहा महिने जातात.

तुमच्याकडे लोक येऊ लागले की

वर्षभरात विनंत्या उलट दिशेने येऊ लागतात. ज्याचे काम पाहिले नाही त्याची शिफारस करू नका. तुमच्या नावावर गेलेला माणूस कच्चा निघाला तर पुढच्या चांगल्या माणसासाठी तुमचा शब्द चालत नाही. पण नुसते वाचून सोडूनही देऊ नका. दोन ओळीत सरळ उत्तर द्या: «तुमचं काम मी पाहिलेलं नाही, त्यामुळे शिफारस करणं बरोबर होणार नाही. पण या टीमला काय हवं असतं ते सांगू शकतो. गुरुवारी संध्याकाळी दहा मिनिटे बोलू या का?»